कॅथलिक शाळेच्या डायरीतलं 'उद्दिष्टां'चं पान कसं वाचायचं?

जून उजाडला की पुस्तकांना कव्हरं घालण्याच्या कार्यक्रमात शाळेची डायरीही हाताखालून जाते. सुट्ट्यांची यादी, फीच्या तारखा, पीटीचा युनिफॉर्म कुठल्या वारी, एवढं आपण वाचतो. प्रार्थना आणि शाळेचं गीत यांच्या आसपास एक पान असतं, ते मात्र न वाचताच उलटलं जातं. कॅथलिक शाळेच्या डायरीत त्या पानावर साधारण अशी वाक्यं असतात: आमचा विद्यार्थी ईश्वरावर श्रद्धा ठेवेल, स्वतः विचार करेल, आपलं म्हणणं नीट मांडेल, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल, जबाबदार नागरिक बनेल.

बडोद्यातल्या मराठी घरांत या पानाबद्दल दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. एक म्हणजे, "असं सगळ्याच शाळा छापतात, शेवटी मार्क किती ते बघायचं." आणि दुसरी, जरा आवाज खाली आणून, "श्रद्धा म्हणजे नक्की कोणावर?" दोन्ही शंका रास्त आहेत. पण त्या पानावर तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली उद्दिष्टं एकाच टाइपात छापलेली असतात, हे लक्षात घेतलं नाही तर दोन्हींची उत्तरं मिळत नाहीत. काही सरकारने ठरवलेली असतात, काही शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या परंपरेतून आलेली, आणि काही थेट धर्माची. पहिली मोजता येतात. दुसरी मोजता येत नाहीत, पण दिसतात. तिसरी तुमच्या मुलाला लागू आहेत की नाहीत, हे ठरवण्याचा हक्क राज्यघटनेने तुम्हाला दिला आहे.

'आलं का?' पासून 'येतं का?' पर्यंत

सक्तीचं शिक्षण बडोद्याला नवं नाही. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड होई. त्या काळाला साजेसा प्रश्न एकच होता: मूल शाळेत आलं का?

पुढची शंभर वर्षं देशाने मुख्यतः हाच प्रश्न विचारला. २००९ चा शिक्षण हक्क कायदासुद्धा बराचसा याच वळणाचा आहे. वर्गखोल्या किती, तीस मुलांमागे एक शिक्षक आहे का, पहिली ते पाचवीला वर्षाचे दोनशे दिवस भरले का. यातलं काहीच गैर नाही. पण मुलं वरच्या वर्गात जात राहिली आणि मुलांना वाचता-मोजता येतं का हे बघणाऱ्या 'असर'च्या ग्रामीण पाहण्यांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट पुढे येत राहिली: पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही.

मग प्रश्न बदलला. २०१७ मध्ये कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिली ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेत, प्रत्येक विषयात मुलाला काय करता आलं पाहिजे हे लिहून ठेवणं आलं. एनसीईआरटी या शालेय अभ्यासक्रमाच्या केंद्रीय संस्थेने तयार केलेल्या या याद्यांना मराठीत 'अध्ययन निष्पत्ती' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा: वर्ष संपल्यावर मुलाला येत असलेली आणि आपल्याला बघता येणारी गोष्ट. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान आलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधा हिशोब करता यावा, हे त्याचं लक्ष्य, आणि त्यासाठी मुदत २०२६-२७ ची. २०२२ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, २०२३ मध्ये त्यापुढच्या शालेय इयत्तांसाठी.

२०२२ च्या आराखड्यात लहान मुलांसाठी एकूण १३ उद्दिष्टं आहेत. त्यांतली भाषेची तीन, आणि आकलन व गणित मिळून दोन. बाकीची आठ शरीर, भावना, दुसऱ्यांशी वागणं, कला आणि शिकण्याच्या सवयी यांच्याबद्दल आहेत. मांडणीला आधार तैत्तिरीय उपनिषदातल्या पंचकोशांचा, म्हणजे शरीरापासून आनंदापर्यंतच्या माणसाच्या पाच थरांचा, घेतला आहे. म्हणजे 'मुलाची सर्वांगीण वाढ' हे वाक्य सिस्टरांच्या डायरीत दिसलं तर ते मिशनरी थाटाचं आहे असं समजू नका. दिल्लीच्या कागदातही तेच आहे.

क्रियापद शोधा

पान वाचायची युक्ती अगदी साधी आहे. प्रत्येक वाक्यातलं क्रियापद बघायचं. 'गणिताची आवड निर्माण होईल', 'संख्यांची जाण येईल' ही वाक्यं चांगली आहेत, पण त्यांवरून मुलाला काही विचारता येत नाही. 'चार अंकी संख्या वाचतो आणि लिहितो' यावरून विचारता येतं. आराखड्यात याच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. वर व्यापक उद्दिष्ट, त्याखाली क्षमता, आणि सगळ्यात खाली निष्पत्ती. डायरीच्या पानावर जागा थोडी, म्हणून तिथे फक्त वरची पायरी छापतात. खालच्या दोन पायऱ्या टीचरच्या पाठ नियोजनाच्या वहीत असतात, आणि त्या विचारल्या तर कोणी नाही म्हणत नाही.

'निपुण'ची गणितातली पायरी अशी: पहिलीच्या शेवटी ९९ पर्यंत संख्या, दुसरीच्या शेवटी ९९९ पर्यंत, तिसरीच्या शेवटी ९९९९ पर्यंत, आणि त्यासोबत गुणाकाराची साधी उदाहरणं. आता तिसरीतल्या मुलाला म्हणा, "पाच हजार सात लिही." बरीच मुलं ५०००७ लिहितात. मूल ढ नाही. त्याने ऐकलं तसं लिहिलं, आधी पाच हजार, मग सात. त्याला अंक येतात, पण अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते हे अजून बसलेलं नाही. हेच मूल बारापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणतं आणि चाचणीत वीसपैकी अठरा आणतं, कारण चाचणीत ५३४७ असतं, ५००७ नसतं. मार्क आणि निष्पत्ती यांतला फरक इथे उघडा पडतो. एका शून्याने जे कळतं ते अठरा मार्कांनी झाकलं जातं.

(आपल्या घरांत यात आणखी एक गंमत होते. आजोबा म्हणतात "एकोणसत्तर", मूल सत्तर ऐकतं आणि ७१ नाहीतर ७९ लिहितं. शाळेत तेच मूल सिक्स्टी नाइन बरोबर लिहितं. याला गणित कच्चं म्हणत नाहीत.)

मिनिटाला साठ शब्द, पण कुठल्या भाषेत?

वाचनाचं उद्दिष्ट याहून नेमकं आहे. पहिलीच्या शेवटी मुलाने न पाहिलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचावीत. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द. तिसरीच्या शेवटी किमान ६०, आणि तेही अर्थ समजून. आकडा ऐकून पालक दचकतात, पण त्यामागे कारण आहे. मूल एकेक अक्षर जुळवत वाचतं तेव्हा वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. वाचण्यात सगळी ताकद गेली की समजण्यासाठी काही उरत नाही. ठरावीक वेग आला की शब्द आपोआप ओळखले जातात आणि डोकं अर्थाकडे वळतं. वेग हे साधन आहे, पण शाळा कधीकधी त्यालाच ध्येय करून बसतात आणि मुलं एक्स्प्रेस गाडीसारखी वाचत सुटतात.

घरी बघायचं असेल तर मुलाने न वाचलेल्या पुस्तकातला शंभरेक शब्दांचा परिच्छेद घ्या, फोनवर एक मिनिट लावा, मोठ्याने वाचायला सांगा. मधे दुरुस्त करू नका. मग तीन प्रश्न विचारा. समजा गोष्ट छत्री बसमध्ये विसरलेल्या मुलाची आहे. छत्री कुठे राहिली, याचं उत्तर मजकुरात आहे. तो घरी सरळ न जाता मित्राकडे का गेला, हे मजकुरात नाही, ओळींमधून काढावं लागतं. तू असतास तर काय केलं असतंस, याला बरोबर-चूक असं उत्तरच नाही. पहिल्या प्रश्नाला जवळजवळ सगळी मुलं उत्तर देतात. दुसऱ्याला अडखळणारी मुलं पुष्कळ, आणि चौथी-पाचवीत समाजशास्त्र-विज्ञानाचे धडे लांबायला लागले की हीच मुलं 'अचानक' मागे पडतात.

आणि हे प्रश्न मराठीत विचारा. याचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण बडोद्यातल्या मराठी घरांसाठी सगळ्या पानातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

आराखड्यातली भाषेची उद्दिष्टं पहिली भाषा आणि दुसरी भाषा असा भेद करून लिहिली आहेत. पहिल्या भाषेत मुलाने ओघवतं वाचावं-लिहावं, दुसरीत वाचन-लेखनाला सुरुवात करावी. पहिली भाषा शक्यतो मुलाची मातृभाषा किंवा ओळखीची भाषा असावी, असं त्यात गृहीत आहे. आता दांडिया बाजारातलं किंवा बाबाजीपुऱ्यातलं मराठी घर घ्या. आजी-आजोबांशी मराठी, गल्लीत आणि रिक्षात गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेचं माध्यम इंग्रजी. गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीला गुजराती शिकवणं सगळ्या शाळांना, सीबीएसई-आयसीएसईसह, सक्तीचं झालं आहे. म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या कॅथलिक शाळेत आपलं मूल इंग्रजी, गुजराती आणि हिंदी शिकतं, आणि ज्या भाषेत ते रुसतं, भांडतं, स्वप्नं सांगतं ती भाषा वेळापत्रकात कुठेच नसते. मिनिटाला साठ शब्दांची फूटपट्टी त्याच्या तिसऱ्या नाहीतर चौथ्या भाषेला लावली जाते.

याचा अर्थ शाळा चुकीची निवडली असा नाही. पण 'समजून वाचतो का' याचं खरं उत्तर फक्त इंग्रजी प्रश्नांतून मिळत नाही. गोष्ट समजलेली असते, सांगायला इंग्रजी शब्द नसतात, आणि टीचरच्या नोंदीत 'आकलन कमी' असं येतं. उलटही होतं: इंग्रजी झोकात वाचून दाखवतं म्हणून आईबाप खूश, आणि गोष्टीचा पत्ता नाही. मराठीत विचारलं की दोन्ही बाजू लगेच कळतात.

मराठी वाचनासाठी वेगळा क्लास लावायची गरज सहसा नसते. शाळेत हिंदी सुरू झाली की देवनागरी येतेच. गुजराती लिपीही तिची सख्खी बहीण, शिरोरेषा नाही इतकंच आणि काही अक्षरं वेगळी. 'ळ'शीही गुजरातीमुळे ओळख असते. फक्त कोणीतरी मराठी पुस्तक समोर ठेवावं लागतं. ते शाळेच्या उद्दिष्टांत नाही आणि येणारही नाही. ते घराकडे आहे.

'कॅथलिक' म्हणजे नक्की काय वेगळं?

आता दुसरा गठ्ठा. जगभरच्या कॅथलिक शाळांचा एक समान आधार म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी काढलेलं शिक्षणविषयक घोषणापत्र. त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे: मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडीलच, शाळा त्यांच्या मदतीला. प्रवेशाच्या वेळी ही गोष्ट सगळ्यांनाच विसरायला होते.

पण 'कॅथलिक शाळा' हा एकच साचा नाही. शाळा फादर-सिस्टरांचा कोणता धर्मसंघ चालवतो त्यावर पानाची भाषा ठरते. बडोद्यात रोझरी ही जेझुइट फादरांची शाळा, कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी ही सिस्टरांची, डॉन बॉस्को सलेशियन परंपरेतली. सलेशियन पद्धत जॉन बॉस्को या १९व्या शतकातल्या इटालियन धर्मगुरूची. ट्युरिनमधल्या गरीब, भटक्या पोरांमध्ये काम करताना त्याने ठरवलं की शिक्षा करण्यापेक्षा चूक व्हायची वेळच येऊ द्यायची नाही. तर्क, धर्म आणि जिव्हाळा हे त्याचे तीन आधार. म्हणून अशा शाळांत मैदानाला आणि मैदानावर मुलांबरोबर असणाऱ्या शिक्षकांना महत्त्व. जीझस अँड मेरीच्या सिस्टरांच्या संघाची सुरुवात क्लोदीन तेवने या फ्रेंच बाईंनी १८१८ मध्ये लिऑं शहरात केली. क्रांतीच्या धुमश्चक्रीत त्यांनी स्वतःच्या भावांचा मृत्यू पाहिला होता, आणि त्या परंपरेच्या शाळांत क्षमेवर इतका भर का असतो ते यावरून कळतं.

जेझुइटांची पद्धत सगळ्यात पायरीबद्ध, म्हणून तीच जवळून बघू. १९९३ मध्ये त्यांनी शिकवण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या: संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती, मूल्यमापन. पाचवीच्या वर्गात नदीचा धडा आहे असं धरा. सरकारी निष्पत्ती म्हणते, पाण्याचे स्रोत आणि त्यांचा वापर सांगता यावा. पाच पायऱ्यांनी तोच धडा असा होईल. सुरुवात बडोद्याच्या विश्वामित्री नदीपासून: २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा कोणाच्या घरात पाणी शिरलं होतं? मग नकाशा, पाठ्यपुस्तक, पुलावरून पाहिलेली नदी. मग थांबून प्रश्न: काही घरांत पाणी आलं आणि काहींत नाही, असं का? नुकसान कोणाचं जास्त झालं? नदीकाठी भराव कोणी टाकला? मगरी सोसायट्यांत आल्या, की आपण मगरींकडे गेलो? मग एखादी छोटी कृती, शाळेच्या गटारात प्लॅस्टिक जाऊ न देण्याइतकी साधी का असेना. आणि शेवटी, काय शिकलो याचा आढावा, ज्यात प्रश्नपत्रिका हा फक्त एक भाग.

तिसरी पायरी, चिंतन, हीच या शाळांची खरी मिळकत आहे असं माझं मत. आणि सिलॅबस मागे पडला की पहिली कात्री तिलाच लागते. म्हणून शाळा पारखायची असेल तर मूर्ती आणि क्रूस किती आहेत ते मोजण्यापेक्षा, धडा संपल्यावर मुलांना 'तुला काय वाटतं' असं कोणी विचारतं का, हे मुलाकडून काढून घ्या.

अमेरिकेतले नातेवाईक कधी त्यांच्याकडच्या शाळेच्या भिंतीवरचा फोटो पाठवतात. तिथे, विशेषतः कॅलिफोर्नियाकडच्या कॅथलिक शाळांत, संपूर्ण शाळेसाठी मिळून चार-पाच अपेक्षा ठरवलेल्या असतात: श्रद्धावान व्यक्ती, आयुष्यभर शिकणारा, चांगला संवाद साधणारा, जबाबदार नागरिक. मानांकनासाठी तपासणी होते तेव्हा ही वाक्यं वर्गात प्रत्यक्ष कुठे दिसतात, याचे पुरावे शाळेला दाखवावे लागतात. आपल्याकडच्या डायरीतली वाक्यं त्यांच्याशी इतकी मिळतीजुळती का, ते यावरून समजेल. फरक मुलांमध्ये आहे. तिथे धर्म हा इयत्तावार ठरलेला, ग्रेड मिळणारा विषय असतो आणि दुसरीच्या सुमारास मुलांची पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीची, तयारी होते. आपल्याकडे कॅथलिक शाळांतली बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नसतातच. त्यामुळे ती यादी इथे आणायची तर पहिल्याच वाक्याचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो.

श्रद्धेचं वाक्य

सर्वसाधारण पद्धत अशी: एकाच तासाला कॅथलिक मुलं कॅटेकिझमला जातात, म्हणजे त्यांच्या धर्माच्या शिकवणीला, आणि बाकीची मुलं मॉरल सायन्स किंवा व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासाला बसतात. सकाळच्या असेंब्लीत प्रार्थना सगळ्यांची. पानावरची श्रद्धेची उद्दिष्टं त्यामुळे दुहेरी वाचायची असतात: कॅथलिक मुलासाठी धर्मशिक्षण, इतरांसाठी देव, माणूस आणि निसर्ग यांच्याबद्दल आदर.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. घटनेच्या कलम ३० प्रमाणे धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. (गुजरातबाहेरचे वाचक लक्षात घेतील की 'भाषिक' या शब्दामुळे बडोद्यातल्या मराठी माणसालाही हाच हक्क आहे.) पण कलम २८ चा तिसरा भाग सांगतो की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धर्मशिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. तेव्हा प्रवेश अर्जावरच्या बारीक टाइपातल्या अटी वाचूनच सही करा. संमती तिथेच घेतलेली असू शकते.

शाळेचा हक्क आणि सरकारची फूटपट्टी यांचा मेळ कसा घालायचा, यावरचा गाजलेला निकाल गुजरातचाच आहे. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी अल्पसंख्याक संस्थेचा कारभाराचा हक्क मान्य केला, पण शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठीचे नियम तिलाही पाळावे लागतील हेही स्पष्ट केलं. पुढे २०१४ मध्ये न्यायालयाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं ठरवलं. आरटीईच्या २५ टक्के जागांचा फॉर्म भरताना या शाळा यादीत दिसत नाहीत त्या यामुळे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून विषय सरन्यायाधीशांपुढे ठेवला. मग आरटीईच्या नियमांतून आलेल्या निष्पत्ती या शाळांत चालतात का? व्यवहारात चालतात, कारण अभ्यासक्रम बोर्डाचा आणि तो त्याच निष्पत्तींवर बेतलेला.

चर्चने स्वतःही यात भूमिका घेतली आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, असेंब्लीत रोज राज्यघटनेची उद्देशिका म्हणा, सगळ्या धर्मांसाठी प्रार्थनेची खोली ठेवा. तुमच्या शाळेत हे कितपत होतं, ते मुलाला विचारलं की कळेल. उद्देशिका पाठ असेल तर म्हणून दाखवेल.

मला स्वतःला धर्मांतराच्या भीतीपेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. 'खरे बोलावे' हा धडा, त्याखाली गाळलेल्या जागा भरा, आणि परीक्षेत त्याला पाच मार्क. कॉपी करून ते पाचच्या पाच मिळवता येतात.

मग सचोटी मोजायची कशी?

मोजायची नाही, नोंदवायची. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार आलेलं समग्र प्रगतिपत्रक याच कल्पनेवर आहे. त्यात टीचरच्या नोंदीबरोबर मुलाने स्वतःबद्दल लिहायचं असतं, वर्गमित्राने लिहायचं असतं आणि पालकांनीही. लहान वर्गांत टक्क्यांऐवजी झरा, डोंगर, आकाश अशा पायऱ्या आहेत. तिसरी ते पाचवीच्या टप्प्यात जाणीव, संवेदनशीलता आणि सर्जनशीलता या तीन अंगांनी बघतात.

कागदावर हे सुरेख आहे. वर्गात पन्नास मुलं असतील तर टीचर सगळ्यांच्या रकान्यात 'गुड' लिहून मोकळी होते, आणि तिला दोष देता येत नाही. पन्नास मुलांच्या सहानुभूतीवर वर्षातून दोनदा खरं काही लिहायचं तर एवढं लक्ष ठेवायला वेळ कुठून आणायचा? म्हणून तो रकाना आपणच थोडा भरून घ्यावा लागतो, आणि त्याची जागा म्हणजे पेरेंट्स मीटिंग. तिथे साधारण पाच मिनिटं मिळतात आणि ती "मार्क का कमी झाले" यातच जातात.

त्याऐवजी असं विचारून बघा. बोलणं गुजरातीत किंवा हिंदीत होईल, मजकूर हाच.

"टीचर, डायरीत लिहिलंय की मुलं दुसऱ्याला मदत करतील. आमच्या ईशानच्या बाबतीत तुम्हाला असं काही दिसलं का? एखादा प्रसंग?"

टीचर जरा थांबेल. बहुतेक वेळा तिला काहीतरी आठवतं. "मदत करतो, पण आपल्या ग्रुपमधल्यांनाच. नवीन मुलगा आलाय, त्याच्याशी बोलत नाही." हे एक वाक्य 'गुड'च्या दहा रकान्यांपेक्षा कामाचं आहे, कारण त्यावर घरी काही करता येतं. आणि काहीच आठवलं नाही, तरी पुढच्या मीटिंगपर्यंत टीचरचं त्याच्याकडे लक्ष राहतं.

मोजता येणाऱ्या गोष्टींबद्दल उलट करा, प्रसंग न विचारता पुरावा मागा. वाचनाचा वेग शेवटचा कधी बघितला? शून्य असलेल्या संख्यांची वही दाखवता का? मूल मागे असेल तर कुठल्या पायरीवर अडलंय? "लक्ष कमी आहे, घरी अभ्यास घ्या" हे त्यावरचं उत्तर नाही. तिसरीतलं मूल ५००७ लिहायला अडत असेल तर त्याला दुसरीतल्या ५०७ कडे परत न्यावं लागतं, आणि ते वर्गात कोण, कधी करणार, एवढं विचारून यायचं.

हे सगळं दिवाळीच्या सुट्टीआधीच्या मीटिंगला विचारलेलं बरं. तेव्हा हातात निम्मं वर्ष असतं, आणि सुट्टीतले तीन आठवडे. मार्चमध्ये विचारलं तर टीचर सहानुभूतीने मान हलवते आणि पुढच्या वर्गाची पुस्तकांची यादी हातात ठेवते.